मशीन अकरा

क्लायपेडाच्या बंदरावर, तिसऱ्या मजल्यावर
आमचे एकोणीस संगणक.
एकोणीस माणसं मिळून एकच फेरीबोट काढताहेत,
कुणी कणा, कुणी जिने, कुणी नुसते पाइप,
आणि मी बघते
की सगळ्यांची रेघ एकाच जाडीची आहे.

हे काम घरी धड सांगता येत नाही.
आई विचारते, म्हणजे तू काढत नाहीस?
नाही, मी काढणाऱ्यांची पेनं सारखी ठेवते.
त्याचे पैसे देतात?
देतात.

रंग एक म्हणजे कापायची कड, ठसठशीत.
रंग आठ म्हणजे मागची, झाकलेली, पुसट.
एकदा व्हाइदोतासच्या मशीनवर जुना तक्ता राहून गेला,
आठची एक झाली,
आणि खाली शेडमध्ये त्यांनी इमानेइतबारे
कापायचं नव्हतं नेमकं तिथेच कापलं.
बारा मिलिमीटरचा पत्रा.
कुणी ओरडलं नाही.
व्हाइदोतासनं फक्त दुपारचा डबा
न उघडताच घरी नेला.

त्या रात्री मी स्क्रिप्ट लिहिली.
तेव्हापासून रोज पहाटे चारला
सर्व्हरवरून एकच साचा उतरतो एकोणीस ठिकाणी:
तेच थर, तोच फाँट
(नाहीतर आमची टोपीवाली अक्षरं
परक्या यंत्रावर प्रश्नचिन्हं होऊन बसतात),
दशांशाला स्वल्पविराम, टिंब नाही,
पडदा काळा, कर्सरची फुली पाच टक्के.
आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपापल्या चवीनं घातलेलं मीठ
सकाळी धुतलेलं.

नोंदवहीत मात्र एक ओळ हटत नव्हती.
सात बेचाळीस. मशीन अकरा. फुली पाचवरून शंभर.
दुसऱ्या दिवशी, सात बेचाळीस. मशीन अकरा.
रिमगाउदस.
ट्रेसिंग कागदावर ब्लेडनं चुका खरवडत
जहाजं काढलेला माणूस.
म्हातारा हट्टी आहे, मी म्हटलं,
आणि त्या सेटिंगला कुलूप घातलं.

मग तीन दिवस नोंद नाही.
चौथ्या दिवशी सहज त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.
स्टीलची पट्टी काचेला टेकवून
तो कर्सर शोधत होता,
दिवे गेल्यावर काडेपेटी चाचपावी तसा.

मान न वळवताच म्हणाला,
मधलं दिसत नाही आता. काठ दिसतात.
फुली काठापर्यंत पोचली
की तिच्यावरून चालत मी आत येतो.
थोड्या वेळानं म्हणाला,
डॉक्टरला माहीत आहे. इथे कुणाला नाही.

मी जागेवर आले.
स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली:
मशीन अकरा असेल तर फुलीला हात लावू नकोस.
कारण लिहिण्याची जागा असते शेजारी,
ती रिकामी सोडली.
त्याची चित्रं मात्र मी दोनदोनदा तपासायचे, चोरून.
एकदाच चूक सापडली.
ती साच्यात होती, माझ्या.

मार्चमध्ये तो निवृत्त झाला.
जाताना पट्टी टेबलावर विसरला, की ठेवली.

आता अकरावर उग्ने बसते, तेवीस वर्षांची,
घारीची नजर.
पहिल्याच दिवशी विचारलं तिनं,
सगळ्यांची फुली एवढीशी,
माझीच का या टोकापासून त्या टोकापर्यंत?
मी फाइल उघडली. ती ओळ होती.
पुसायला एक सेकंद लागला असता.

नको असेल तर बदल, मी म्हटलं,
तुझ्या मशीनवर चालतं.

तिनं अजून बदललेली नाही.
कदाचित विसरली असेल.
मी मात्र रोज नोंदवही उघडते,
आणि सात बेचाळीसपाशी
जरा थांबून खाली जाते.